कमरेपर्यंतचे केस आणि एका संध्याकाळचा जांभळा रंग

पत्र: माझं वय 20. केस कमरेच्या खाली, काळेभोर, आजवर कधी रंगवलेले नाहीत. फक्त आई दोन-अडीच महिन्यांनी मेंदी लावते. जानेवारीत कॉलेजचं गॅदरिंग आहे आणि आमच्या नाचात सगळ्याजणींनी केसांचा खालचा भाग जांभळा करायचं ठरलंय. त्यानंतर नवव्या दिवशी ताईचं लग्न. तोवर रंगाचा मागमूस राहता कामा नये, ही आईची अट. मी ‘टेम्पररी’ लिहिलेली जांभळ्या रंगाची ट्यूब मागवली, सांगितल्याप्रमाणे चाळीस मिनिटं ठेवून धुतली. केस होते तस्से काळे. कान, टॉवेल आणि मोरीची फरशी मात्र जांभळी! मैत्रीण म्हणते, टोकांना आधी थोडं ब्लीच कर, मग चढेल. करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ब्लीच करू नकोस. बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

तुझं काही चुकलं नाही आणि ट्यूबही बनावट नसावी. काळ्या पाटीवर जांभळ्या शाईच्या पेनने लिहून बघ. शाई लागते, ओली असताना चमकतेही, पण अक्षर काही दिसत नाही. तेच खडूने लिहिलं की मागच्या बाकावरूनही वाचता येतं, कारण खडूची पूड पाटीचा काळा रंग झाकून टाकते. ट्यूबमधला तो रंग शाईच्या जातीचा, म्हणजे पारदर्शक. तो केसाला लागला आहे, पण खालचा काळा रंग त्याला गिळून बसला आहे. उन्हात जाऊन नीट बघ. मेंदीने तांबूस झालेल्या एखाद्या बटेवर वाइन रंगाची झाक सापडेल. कानाची कातडी आणि टॉवेल फिक्या रंगाचे, म्हणून तिथे तो लख्ख उमटला. (घरात कुणाचे पांढरे केस असतील तर ट्यूब त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेव. पांढऱ्या केसांवर तो चांगला झळकतो आणि बरेच दिवस टिकतो.)

ब्लीच न करता काळ्या केसांवर उठून दिसणारा प्रत्येक रंग हा खडूच्या जातीचा असतो. आणि खडू बोटाने पुसला जातो, तसा हा रंगही केसांवरून पुसला जातो: ब्लाउजवर, उशीच्या अभ्र्यावर, शेजारी नाचणारीच्या बाहीवर. दिसतो म्हणून निघतो आणि निघतो म्हणून लागतो, हे गृहीत धरूनच तयारी करायची.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याचं. ब्लीच केसाचा स्वतःचा रंग काढतं, तो परत येत नाही. काळे केस उजळताना आधी तांबडे, मग नारिंगी आणि सगळ्यात शेवटी पिवळे होतात. घरी एकदा केलेलं ब्लीच बहुतेक वेळा नारिंगीवरच थांबतं. नारिंगीवर जांभळा घातला की मळकट तपकिरी-किरमिजी असं काहीतरी होतं, पाकिटावरच्या फोटोतला रंग होत नाही. दुसरं म्हणजे ब्लीचने केस सच्छिद्र होतात आणि शाईच्या जातीचा रंग त्यात आतपर्यंत मुरतो. ज्या ट्यूबने आज काहीच केलं नाही, तीच ट्यूब ब्लीच केलेल्या टोकांवर दोन-तीन महिने रेंगाळू शकते. ‘टेम्पररी’ हा शब्द ट्यूबवर छापलेला असला तरी रंग किती दिवस राहणार हे केस ठरवतात. ताईच्या लग्नात तुझी वेणी वर काळी आणि खाली विटक्या जांभळ्या-नारिंगी रंगाची असेल.

त्यात तुझ्या केसांवर मेंदी आहे. घरी वाटलेल्या शुद्ध मेंदीचा नारिंगी रंग ब्लीचलाही सहज दाद देत नाही. पाकिटातल्या तयार मेंदीत कधीकधी धातूंचे क्षार मिसळलेले असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइडचं ब्लीच पडलं तर केस तापतात, तुटतात, जळूही शकतात. गेल्या पाच-सहा वर्षांत कुठल्या कुठल्या पाकिटातली मेंदी लागली हे आईलाही सांगता यायचं नाही.

पाच-सहा वर्षं हा आकडा हवेतला नाही. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. मुळापासून 80 सेंटिमीटर खाली असलेलं टोक पाच ते साडेसहा वर्षांपूर्वी डोक्यातून उगवलेलं असतं. तू शाळेत होतीस तेव्हाचं. आणि तुला नेमकी तीच शेवटची वीत रंगवायची आहे. तितक्या वर्षांचं न्हाणं, विंचरणं, ऊन, दुचाकीवरचा वारा, सगळं त्या टोकांनी सोसलेलं असतं. केसाच्या पृष्ठभागावरचे बारीक खवले झिजलेले असतात. त्यामुळे एकाच डोक्यावर मुळांशी रंग घसरून जातो आणि टोकांशी धरून बसतो. ज्यांची टोकं आधीच ब्लीच किंवा हायलाइट केलेली आहेत त्यांना तर आम्ही पुढे सांगतो ते वॅक्ससुद्धा चाचणी घेतल्याशिवाय लावू नका म्हणतो. त्या केसांवर खडूच्या जातीचा रंगही डाग सोडू शकतो.

तुझ्यासाठी योग्य वस्तू म्हणजे डबीत मिळणारं हेअर कलर वॅक्स. वॅक्स म्हटलं की पार्लरमधलं केस उपटायचं वॅक्स डोळ्यांपुढे येतं, पण हे वेगळं. यात पाणी, मेण, सुकल्यावर पातळ पापुद्रा धरणारं पॉलिमर आणि अपारदर्शक रंगाची पूड असते. पापुद्रा केसाभोवती बसतो, पूड काळा रंग झाकते, पाण्याने पापुद्रा विरघळतो आणि पूड वाहून जाते. रंगाचा स्प्रेही मिळतो, पण तो बटेच्या वरच्या थरावरच बसतो. नाचात केस उडाले की आतला काळा दिसतो. शिवाय त्यातला वायू पेट घेणारा असतो, त्यामुळे ग्रीनरूममध्ये धूप-दिवा पेटलेला असताना तो फवारायचा नाही. केसांचा खडू लांब केसांना नकोच. केस ओले करून घासावा लागतो, केस कोरडे पडतात आणि कमरेएवढ्या केसांत जो गुंता होतो तो सोडवण्यात रात्र जाते.

वॅक्स निवडताना एक चूक सर्रास होते. डबीत सुंदर दिसणारा गडद वांगी रंग घेतला जातो आणि तो रंगमंचावर काळाच दिसतो. लव्हेंडरकडे झुकणारा फिका, दुधाळ जांभळा घे. गडदच हाती आला असेल तर त्यात चंदेरी वॅक्स चौथा हिस्सा मिसळ, लगेच उठाव येतो. शिवाय प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाला विचारून ठेवा. पिवळ्या-केशरी दिव्यांखाली जांभळा तपकिरी दिसतो. सगळ्या नाचभर तसेच दिवे असतील तर तुम्ही एवढा खटाटोप कशासाठी करताय?

प्रमाण सांगतो. तुझ्या केसांची खालची 20-25 सेंटिमीटर रंगवायला आठ बटा होतील, प्रत्येक बोटाएवढी जाड. एका बटेला एका हाताला, म्हणजे एका थराला, सुपारीएवढं वॅक्स लागतं, साधारण 3-4 ग्रॅम. दोन हात धरले तर 50-60 ग्रॅम लागेल. 100 ग्रॅमच्या डबीत एकीचं आरामात भागेल, दोघींना ती अपुरी पडू शकते. वॅक्स चमच्याने काढा, डबीत बोटं नकोत. कमरेपासून मुळापर्यंत सगळे केस रंगवायचा बेत असता तर दोन-तीन डब्या लागल्या असत्या आणि मानेवर घामाबरोबर जांभळे ओघळ आले असते. खालचाच भाग रंगवायचं ठरवलंत ते शहाणपणाचं.

आधी चाचणी. कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं वॅक्स लाव, सुकू दे, आणि 48 तासांत खाज, लाली, पुरळ येतं का बघ. त्याच दिवशी मानेजवळच्या आतल्या केसांची एक पातळ बट टोकाशी रंगव, रात्री धू, आणि सकाळी पांढऱ्या कागदावर धरून बघ. ही दुसरी चाचणी लोक हमखास गाळतात. लग्नापर्यंत रंग जाईल का याचं उत्तर डबीवर नसतं, त्या बटेवर असतं.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी नहा. शाम्पू दोनदा, आणि ज्या भागाला रंग लावायचा तिथे कंडिशनर नाही, सीरम नाही, तेलाचा थेंब नाही. तेलकट केसावर पापुद्रा धरत नाही आणि पोपडे सुटतात. रोज तेल लावून वेणी घालणाऱ्यांना हा एक दिवस जड जातो, पण इथे सवलत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी पुढून बटणं असलेला जुना शर्ट घालून बस. रंगवल्यावर डोक्यातून कपडा काढायचा प्रसंग येता कामा नये. नाचाचा पोशाख डोक्यातून घालायचा असेल तर आधी तो घाल आणि वरून शर्ट उलटा, म्हणजे बटणं पाठीवर येतील असा. खांद्यावर जुना टॉवेल, जमिनीवर वर्तमानपत्र, हातात पातळ मोजे, कानांच्या पाळ्यांना आणि मानेला किंचित व्हॅसलीन. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकांकडचा गुंता काढ, मग वर वर जा. गुंता आत्ताच पूर्ण निघाला पाहिजे, वॅक्स बसल्यावर कंगवा फिरवता येत नाही.

रंग जिथून सुरू करायचा तिथे सैल रबर लाव, म्हणजे वरचे केस वाचतात. खालच्या केसांच्या आठ बटा कर आणि पाण्याच्या फवाऱ्याने नुसत्या ओलसर कर, निथळत्या नकोत. सुपारीएवढं वॅक्स दोन्ही तळव्यांत चोळून मऊ कर. बट दोन तळव्यांच्या मध्ये चपटी धर, नमस्कार करतो तसे हात, आणि वरून खाली ओढत ये. मग बट उलटी करून मागच्या बाजूने तेच. मुठीत धरून चोळलंस तर बाहेरचा थर रंगतो आणि गाभा काळा राहतो. सगळ्या बटांचा रंग एका रेषेत सुरू करू नकोस. काही 2 सेंटिमीटर वरून, काही 4-5 खालून. नाहीतर केस रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखे दिसतात.

एकदा मोठ्या दातांचा कंगवा फिरव आणि ड्रायर कोमट, मंद, वीतभर अंतरावरून मार. ड्रायर नसेल तर पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं बस. पहिला हात पूर्ण सुकल्यावरच दुसरा. घाईने एकच जाड थर दिला तर तो वरून सुकतो, आत चिकट राहतो, आणि नाचाच्या पहिल्या गिरकीत पोपडे पाठीवर पडतात. सुकलं की नाही हे बोटाने कळत नाही. पांढरा टिश्यू बटेवर पाच सेकंद दाबून धर. त्यावर फिकट ठसा आला तर चालेल, रंगाचा पट्टा आला तर अजून थांब. शेवटी साधा हेअरस्प्रे फूटभर अंतरावरून. त्याने कपड्यांना रंग लागणं कमी होतं, थांबत नाही. पोशाखाची पाठ पांढरी किंवा पिस्ता रंगाची असेल तर आत्ताच दिग्दर्शिकेशी बोल.

केस मोकळे सोडायचे नसतील तर याहून सोपं आणि आमच्या मते देखणं काहीतरी आहे. तीनपेडी वेणीचा फक्त एक पेड रंगव. वेणीच्या पूर्ण लांबीभर जांभळा पट्टा नागमोडी फिरतो, वॅक्स फार लागत नाही, आणि दोन काळे पेड रंगीत पेडाला बऱ्यापैकी आवरून धरतात. आधी रंगवून सुकव, मग वेणी घाल. उलटं केलं तर वेणी सोडल्यावर पट्ट्यापट्ट्यांचे केस निघतात.

आणि रंगच नको वाटला तर गंगावन आहेच. बाजारात जांभळ्या रंगाच्या क्लिपवाल्या बटा मिळतात, साधारण 50-60 सेंटिमीटर लांब. तुझ्या लांबीला त्या डोक्यावर लावण्यापेक्षा मानेच्या मागे, वरच्या केसांच्या पडद्याखाली लाव, म्हणजे टोकं कमरेशी येतात. गिरक्या असतील तर प्रत्येक क्लिपखाली केसांना दोन उलटे हात मारून, म्हणजे बॅककोम्ब करून घे, नाहीतर निसटते. त्या बटा प्लॅस्टिकच्या धाग्याच्या असतात, ड्रायर किंवा स्ट्रेटनर लावलास तर वितळतील. घाम फार येणारीला आणि पांढरा पोशाख असणारीला आम्ही हेच सुचवू.

रंग त्याच रात्री काढ. कितीही दमलीस तरी तसंच झोपू नकोस. सुकलेला पापुद्रा उशीवर घासून केस तुटतात आणि अभ्रा तर जातोच. डोकं पुढे वाकवून, केस समोर सोडून, शाम्पूशिवाय नुसत्या कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं धू. अंगावरून पाणी वाहू द्यायचं नाही, म्हणून वाकून. बादली-तांब्याने नहात असशील तर पूर्ण एक बादली यातच जाईल, दुसरी तयार ठेव. पाणी फिकं झालं की शाम्पू फक्त रंगवलेल्या भागाला, दोनदा. चोळायचं नाही, बट हातात पिळत पिळत फेस आत न्यायचा. मग भरपूर कंडिशनर लावून, तो केसांत असतानाच मोठ्या दातांचा कंगवा. उरलेली पूड या कंगव्याबरोबर येते. दुसऱ्या दिवशी टोकांना छटा दिसली तर खोबरेल तेल अर्धा तास मुरव आणि पुन्हा शाम्पू कर. तुझ्या ब्लीच न केलेल्या केसांवर दोन न्हाण्यांत काम संपायला हवं. नऊ दिवस त्यामानाने ऐसपैस आहेत.

रंग राहिला म्हणून वरून ‘काळी मेंदी’ लावण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नकोस. मेंदीचा पाला काळा रंग देत नाही, तो तांबडा-नारिंगीच देतो. काळ्या मेंदीच्या बऱ्याच पाकिटांत पीपीडी हे कायमस्वरूपी डायमधलं रसायन असतं. त्याची ॲलर्जी निघाली तर कपाळ, पापण्या, कान सुजतात, आणि तेही लग्नाच्या आठवड्यात.

राहिले तुझे सध्याचे डाग. कानांना तेल लावून दहा मिनिटांनी कापसाने पूस, मग साबण. उरलेलं दोन-तीन दिवसांत कातडीबरोबर आपोआप जाईल, घासून लाल करू नकोस. टॉवेल पांढरा सुती असेल तर कपड्यांचं ब्लीच पाण्यात पातळ करून त्यात भिजव. रंगीत असेल तर तो यापुढे केस रंगवायचा टॉवेल. मोरीची चकचकीत टाइल असेल तर साबणाच्या पाण्याने नाहीतर स्पिरिटच्या बोळ्याने डाग जातो, सांध्यांतला सिमेंट मात्र हट्टी. फरशी शहाबादी असेल तर ती रंग पिते. खाण्याच्या सोड्याचा ओलसर लेप रात्रभर ठेव आणि सकाळी घास. ॲसिड चुकूनही ओतू नकोस. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, तो ॲसिडने खरवडला जातो आणि डागाच्या जागी पांढरा चट्टा उरतो. ब्लीचचं पाणी आणि संडास धुण्याचं ॲसिड एकाच वेळी एकाच मोरीत तर मुळीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवाशी खेळ आहे.

ट्यूबमधला उरलेला रंग फेकू नकोस. त्यात काही मिसळावं लागत नाही, त्यामुळे ओलं बोट न घालता झाकण घट्ट लावून ठेवला तर टिकतो. एखाद्या मैत्रिणीचे केस आधीच उजळ असतील तर तिला तो उपयोगी पडेल. तिने एक चमचा रंग चार चमचे पांढऱ्या कंडिशनरमध्ये कालवून आधी एका बटेवर बघावा.

आईला एवढंच सांग की लग्नासाठीची मेंदी गॅदरिंगनंतर, दोन न्हाणी होऊन गेल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी लावायची. केसांवर वॅक्सचा पापुद्रा उरला असेल तर मेंदी त्यावर नीट चढत नाही, ठिपक्याठिपक्यांनी चढते. आणि हळदीच्या दिवशी अंगावर पाणी पडायच्या आधी टोकं एकदा ओली करून पांढऱ्या रुमालाने टिपून बघ. रुमाल कोरा राहिला तर पिवळी साडी नेसायला हरकत नाही.